वॉशिंग मशीनचं दार लागतं, पण लॉक होत नाही : कार्ड बदलण्याआधी काय तपासावं?

सागरवेळ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सात किलोचं फ्रंट लोड मशीन आहे, वॉरंटी संपलेली. गेले काही दिवस दार लावलं की नेहमीसारखा खट्ट आवाज येतो, प्रोग्रॅम निवडला जातो, पण स्टार्ट दाबल्यावर दोन-तीन सेकंदांनी आतून टक, थोडं थांबून पुन्हा टक, असं होतं आणि पडद्यावर दाराचा एरर झळकतो. पाणी घेतच नाही. कधी कधी दार हाताने घट्ट दाबून धरलं की चालू होतं. एकदा चालू झालं की मग अगदी स्पिनपर्यंत सगळं सुरळीत.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर त्यांनी लक्षणं ऐकून "कार्ड गेलं असणार, बदलावं लागेल" असं सांगितलं. कार्ड म्हणजे मशीन चालवणारा आतला सर्किट बोर्ड. जो आकडा सांगितला त्यात नवीन सेमी-ऑटोमॅटिक येईल. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रोज चादरी निघतात, त्यात हा पाऊस. मशीन बंद ठेवणं परवडत नाही, आणि नक्की काय बिघडलंय हे कळल्याशिवाय एवढे पैसे घालायचेही नाहीत.

कार्डाला हात लावण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टेस्टर आहे. आम्ही दोघंही हाताने कामं करणारे आहोत, मशीन उघडायची भीती नाही.

पानापक्कड (नाशिक)

ताई, कार्डाचे पैसे आत्ता देऊ नका. मी सर्व्हिस सेंटरला बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुम्ही लिहिलेल्यात दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. दार दाबून धरलं की चालतं, ही पहिली. टक आवाज येतो, ही दुसरी.

आवाज येतोय म्हणजे कार्डाकडून लॉकपर्यंत सप्लाय पोचतोय. कार्ड आपलं काम करतंय. आणि कार्ड गेलं असतं तर दारावर हाताचा जोर दिल्याने त्याला काय फरक पडला असता? दोष दार आणि लॉक यांच्यामध्ये कुठेतरी आहे. बाहेरून आत जायचं, सगळ्यात स्वस्त कारणापासून सुरुवात करायची.

आधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, पिनच सॉकेटमधून बाहेर. मग दार उघडून आतल्या रबराची, म्हणजे गॅस्केटची, घडी बोटाने पूर्ण गोल फिरून चाचपा. तिथे रुमाल, मोजा, ब्लाउजचं हुक, चादरीची दशी अडकलेली सापडते. दार लागल्यासारखं वाटतं, पण दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतं आणि तेवढं लॉकला नापास करायला पुरतं. रबर पुढच्या पत्र्यावरून निसटून आत-बाहेर झालंय का तेही बघा.

नंतर दारावरची खिटी, म्हणजे लॉकच्या खाचेत अडकणारा हूक, बघा. बोटाने दाबली की ती स्प्रिंगवर मागे जाऊन परत आली पाहिजे. बऱ्याच मशीनमध्ये ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते, काहींत प्लास्टिकची. टोकाचा कपचा उडालेला असेल तर तिथेच निकाल लागला.

आणि आता मुख्य परीक्षा. दार जवळजवळ लावा, पूर्ण नको. खालून तळहात लावून हलकेच वर उचला. दार वर-खाली हलतं का? हललं तर बिजागरी बसली आहे. तसंच उचलून धरून लावा, प्लग घाला आणि स्टार्ट दाबा. काय होतं ते लिहा.

ओहमचा नियम (पुणे)

पानापक्कड काकांनी सांगितलेल्या क्रमाने जा. मी फक्त आत काय घडतं ते लिहितो, म्हणजे तपासताना आपण नेमकं काय शोधतोय ते कळेल.

फ्रंट लोड मशीनमध्ये आजही सर्रास आढळणारं लॉक विजेच्या उष्णतेवर चालतं. आत बेरियम टायटनेटची, रुपयाच्या नाण्याहून लहान अशी सिरॅमिकची चकती असते. तिला पीटीसी म्हणतात. स्टार्ट दाबलं की तिला २३० व्होल्ट मिळतात आणि ती तापते. ठरावीक तापमानाच्या वर गेली की तिचा रोध एकदम वाढतो, त्यामुळे ती स्वतःच करंट कमी करून घेते, जळत नाही. तिला चिकटून दोन धातूंची जोडपट्टी असते. उष्णतेने ती वाकते, एक खुंटी सरकून खिटीच्या वाटेत आडवी येते आणि त्याच हालचालीत एक कॉन्टॅक्ट जुळतो. हा कॉन्टॅक्ट जुळला तरच मशीनला "दार लॉक झालं" हे कळतं आणि पाणी सुरू होतं.

म्हणूनच अशा लॉकला लागायला दोन-चार सेकंद लागतात, आणि धुणं संपल्यावर उघडायला मिनिट-दोन मिनिटं. पट्टी थंड व्हायला हवी ना. तेवढ्यात काही लोक दार खेचतात आणि हँडल तोडतात.

दुसरा प्रकार कॉइलचा. त्याला क्षणभराचा झटका मिळतो आणि खटकन लॉक होतं, खटकन उघडतं. नव्या मशीनमध्ये तो वाढतोय. सागरवेळ, तुमचा आवाज दोन-तीन सेकंदांनी येतो म्हणताय, त्यावरून तुमचं पहिल्या प्रकारातलं असावं.

खिटी पूर्ण खोल गेली नाही तर लॉकमधली, खिटीने ढकलायची पट्टी सरकत नाही, खुंटीला जागा मिळत नाही. ती प्रयत्न करते, कॉन्टॅक्ट जुळत नाही, कार्ड सप्लाय तोडतं, पुन्हा देतं. तुमचं ते टक, टक हेच असणार.

घरचाहिशेब

एररबद्दल एक भर. एलजीच्या मशीनवर दाराच्या दोषाला डीई येतं, सॅमसंगवर डीसी, जुन्या मॉडेलवर डीई, बॉशवर एफ१६ किंवा ई१६. पण हा कोड "दार लॉक झाल्याचं कळलं नाही" एवढंच सांगतो. खिटी, लॉक, वायर की कार्ड, यातलं कोण दोषी हे त्यात नसतं. फोनवर नुसता कोड ऐकून कार्ड सांगणाऱ्यावर विसंबू नका.

सागरवेळ (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. रबराच्या घडीत एक नाणं आणि पुष्कळ केसाळ मळ निघाला, पण त्याने फरक पडला नाही. खिटी शाबूत आहे, स्प्रिंगही चांगली.

काकांनी सांगितलेली परीक्षा मात्र लागू पडली! दार हाताखाली स्पष्ट वर-खाली होतं. उचलून धरून लावलं आणि जोर न देता मशीन चालू झालं. मग टॉर्च घेऊन लॉकच्या खाचेत बघितलं. खाचेच्या खालच्या ओठावर खिटीने घासून पांढरी रेघ पाडली आहे आणि कडेला प्लास्टिकचा बारीक भुगा साठलाय. वरचा ओठ अगदी कोरा. म्हणजे खिटी कधीपासून खाली घासत आत जात असणार.

पानापक्कड (नाशिक)

छान निरीक्षण, ताई. जुन्या लाकडी कपाटाचं दार बसतं तसं हे बसलंय. काचेचं दार वजनाला चांगलंच जड असतं आणि सगळा भार एका बाजूच्या बिजागरीवर. त्यात उघड्या दारावर ओल्या कपड्यांची बादली टेकवणं, वाकून कपडे काढताना त्याच्यावरच हात टेकून उठणं, हे मी घराघरांत बघितलं आहे.

दार पूर्ण उघडा. बॉडीच्या बाजूला बिजागरीचे दोन स्क्रू दिसतील. एकाने दार खालून तोलून धरायचं, दुसऱ्याने स्क्रू किंचित सैल करायचे, दार वर उचलून मग आवळायचे. तेवढ्याने जागेवर आलं तर उत्तम. स्क्रू आवळूनही दार हलत असेल तर बिजागरीतली प्लास्टिकची बुशी झिजलेली असते, मग बिजागरीच बदलायची. ती महाग नसते. स्क्रू आवळताना जोर करून आटे घालवू नका, मागचा पत्रा पातळ असतो.

कामचलाऊ

आमच्या शेजाऱ्यांकडे हाच प्रॉब्लेम होता. त्यांच्या मेकॅनिकने लॉकच्या दोन वायर एकत्र जोडून डायरेक्ट करून दिल्या. पाच मिनिटांचं काम, पार्टचा खर्च नाही. तेव्हापासून मशीन मस्त चालतंय. तात्पुरतं म्हणून तसं करता येईल का?

ओहमचा नियम (पुणे)

नाही. कृपा करून तात्पुरतंही नको, आणि शेजाऱ्यांचंही आजच्या आज काढायला सांगा. मी हे कळकळीने लिहितोय.

हिशेब करून बघा. ड्रमचा व्यास साधारण ५० सेंटिमीटर, म्हणजे घेर दीड मीटरच्या आसपास. १२०० आरपीएमला ड्रम सेकंदाला २० फेऱ्या घेतो. काठावरचा कपडा सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असतो. ओल्या कपड्यावर त्या वेळी गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ४०० पट बल असतं. त्या अवस्थेत दार उघडलं आणि कुणी आत हात घातला, तर कपडा बोटांना गुंडाळून हात ओढून नेतो. हात बाहेर काढायला वेळच मिळत नाही.

लॉकच्या वायर जोडल्या की मशीनला दार कायम बंद वाटतं. दार उघडं असतानाही मोटर सुरू होईल, पाणी सुरू होईल, ६० अंशांवर तापलेलं पाणी सांडेल. लॉक ही सोय म्हणून दिलेली नाही. घरगुती वॉशिंग मशीनच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३०२ चा भाग २, विभाग ७. आयईसी ६०३३५-२-७ हे त्याचं आंतरराष्ट्रीय भावंड. फिरत्या ड्रमपासून माणसाला दूर ठेवण्याची अट त्यात आहे. मेकॅनिकने वायर जोडल्या की ही अख्खी व्यवस्था एका फटक्यात बाद.

दुडुदुडू (ठाणे)

+१. घरात चालायला लागलेलं मूल आहे म्हणून मी हा धागा नीट वाचतेय. आमची लेक फिरणारा ड्रम दिसला की दोन्ही हात काचेवर ठेवून उभी राहते. लॉक काढलेल्या मशीनसमोर ती उभी आहे ही कल्पनाच करवत नाही.

एक विचारायचं होतं. वास येऊ नये म्हणून धुणं झाल्यावर दार किलकिलं ठेवा असं सगळे सांगतात. पण मग मूल आत शिरायची भीती. चाइल्ड लॉकने दार बंद राहतं का?

पानापक्कड (नाशिक)

दुडुदुडू, बहुतेक मशीनमधलं चाइल्ड लॉक फक्त बटणं गोठवतं. मशीन बंद असताना दाराला त्याचा काही उपयोग नाही, त्या भरवशावर राहू नका. लहान मूल ड्रममध्ये चढून बसू शकतं आणि दार बाहेरून लागलं तर आत हवा पुरत नाही, हा खरा धोका आहे.

तुमच्याकडे मूल आहे तोवर असं करा : धुणं झालं की रबराची घडी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, तुम्ही समोर असताना अर्धा-पाऊण तास दार उघडं ठेवा आणि मग लावून टाका. बाथरूमचं किंवा बाल्कनीचं दार बाहेरून कडी लावून ठेवता येत असेल तर मशीनचं दार उघडं राहिलं तरी चालेल. वासापेक्षा मूल मोठं.

कामचलाऊ

ओहम, सविस्तर लिहिलंत म्हणून कळलं. शेजाऱ्यांना हा धागा दाखवला. त्यांच्याकडेही नातू येतो सुट्टीत. मशीनचा प्लग काढून ठेवला आहे, नवीन लॉक मागवताहेत.

सागरवेळ (रत्नागिरी)

बिजागरी आवळली. वरचा स्क्रू खरंच ढिला होता. दार आता सरळ बसतं, हाताखाली हलत नाही. काही दिवस मशीन निर्वेध चाललं आणि मला वाटलं संपलं एकदाचं.

आज पुन्हा एरर. पण या वेळी लक्षण वेगळं आहे. टक आवाज एकदाच येतो, ठाम, आणि मग दार हाताने खेचलं तर उघडत नाही! म्हणजे लॉक होतंय. तरी मशीन म्हणतं दार बंद नाही. दाबून धरलं, उचलून धरलं, कशानेच काही होत नाही. मिनिटभराने लॉक आपोआप सुटतं.

ओहमचा नियम (पुणे)

हे फार नेमकं लिहिलंत. यांत्रिक भाग आता ठीक आहे. चकती तापतेय, खुंटी बसतेय, पण कॉन्टॅक्टमधून निरोप परत जात नाहीये. एकतर लॉकच्या आतला कॉन्टॅक्ट जळलाय, नाहीतर कनेक्टरची पिन किंवा वायर.

कॉन्टॅक्ट का जळतो ते सांगतो. बऱ्याच मॉडेलमध्ये मोटर आणि हीटर यांचा करंट याच कॉन्टॅक्टमधून जातो. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. दार बसल्यामुळे तो अर्धवट जुळत-तुटत राहिला असेल तर ठिणग्या पडून त्यावर कार्बन धरतो. त्यात तुमच्याकडची खारी हवा.

मल्टिमीटर आहे का? नसेल तर साधा डिजिटल घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो, तुमच्याकडेही इलेक्ट्रिकलच्या दुकानात असेल. घरात कायम उपयोगी पडतो.

पानापक्कड (नाशिक)

ताई, आता लॉक बाहेर काढा. प्लग काढलेला, नळ बंद.

रबराच्या बाहेरच्या काठावर, पुढच्या पत्र्याला लागून, तारेचं एक कडं असतं. त्याची स्प्रिंग बहुतेक वेळा खालच्या बाजूला सापडते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे रबर फाटणार नाही, आणि स्प्रिंग उचलून कडं काढून घ्या. लॉकच्या बाजूचं रबर पत्र्यावरून सोडवून आत ढकला. सगळं काढायची गरज नाही, हात जाईल एवढं पुरे.

लॉकच्या खाचेशेजारी दोन स्क्रू असतात. काही मशीनला साधे फुलीचे, काहींना चांदणीच्या टोकाचे, त्याला टी२० बिट लागतो. स्क्रू काढताना एक हात आतून लॉकला धरून ठेवा, नाहीतर ते खाली तळाशी पडतं आणि मागचं झाकण उघडून शोधत बसावं लागतं. लॉक बाहेर आलं की कनेक्टरचा फोटो काढा आणि मगच कनेक्टर ओढा. वायरला धरून ओढू नका, प्लास्टिकच्या टोपीला धरा.

कनेक्टरमध्ये बारीक बघा. हिरवट थर, काळेपणा, वितळलेलं प्लास्टिक, कुरतडलेली वायर.

मातीचाडोंगर (कुडाळ)

कुरतडण्यावरून लिहितो. कोकणात पावसाळ्यात उंदीर मशीनखाली घर करतात. आमच्याकडे लॉककडे जाणारी वायर अर्धी कुरतडलेली निघाली होती, तांबं शिल्लक होतं म्हणून कधी चालायचं, कधी नाही. मेकॅनिकने वायर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. खालून जाळी लावून घेतल्यापासून त्रास नाही. ज्या मशीनला खालचा पत्रा नसतो तिथे हे जरूर बघा.

सागरवेळ (रत्नागिरी)

लॉक काढलं. रबराचं कडं काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, बाकी सोपं होतं. वायर शाबूत आहेत, उंदीर नाही. पण कनेक्टरच्या तीन पिनांपैकी एकीवर हिरवट खार चढलाय आणि तिच्या समोरचं लॉकचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलंय, नाकाशी धरलं तर जळका वास येतो.

लॉकवर कंपनीचं वेगळंच नाव आहे, मेटलफ्लेक्स. त्याखाली १६(४) अँपिअर, २५० व्होल्ट, आणि एक छोटी सर्किटची आकृती छापलीय. हे मूळ लॉकच आहे ना?

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

हो, मूळच असणार. मशीन कुणाचंही असलं तरी लॉक बनवणारे वेगळे असतात. मेटलफ्लेक्स स्लोव्हेनियातली, रोल्ड आणि बिट्रॉन इटलीतल्या, ईएमझेड इथली जर्मनीतली. मशीनच्या ब्रँडच्या नावाने शोधून लॉक मिळालं नाही तर लॉकवर छापलेल्या नंबराने शोधा.

आणि सर्वांसाठी, याच्या उलट अडचण आली तर, म्हणजे धुणं संपलं आणि दार उघडतच नाही. काही मशीनमध्ये खाली फिल्टरच्या झाकणामागे एक रंगीत पट्टी असते, ती ओढली की लॉक सुटतं. पण आधी ड्रममधलं पाणी पूर्ण काढलेलं हवं आणि ते गार झालेलं हवं. पाणी आत असेल तर मशीन मुद्दाम दार सोडत नाही. म्हणून लॉक खराब म्हणायच्या आधी फिल्टर साफ करा. इथे आमच्या इमारतीत तळघरात सगळ्यांची मशीनं आहेत आणि दार अडलं म्हणून मला बोलावतात, तेव्हा बहुतेकदा फिल्टरमध्ये नाणी आणि मुलांच्या केसांच्या क्लिपा निघतात.

ओहमचा नियम (पुणे)

सागरवेळ, त्या छापील आकृतीत तुम्हाला एल, एन आणि सी अशी अक्षरं दिसतील. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एल आणि एनमध्ये मोजा. खोलीच्या तापमानाला काहीशे ओहमपासून दीड-दोन हजार ओहमपर्यंत काहीही आलं तर चकती ठीक. काहीच दाखवलं नाही तर चकती तुटली. एल आणि सी मध्ये आत्ता काहीच दाखवायला नको, कारण लॉक उघडं आहे. काही लॉकमध्ये अक्षरांऐवजी १, २, ३ असतं, तेव्हा आकृतीवरूनच ठरवा.

लॉक टेबलावर ठेवून त्याला मेन्सचे २३० व्होल्ट देऊन बघायचा मोह होईल. नका करू. उघड्या पिना असतात. जळका वास आणि तपकिरी प्लास्टिक एवढा पुरावा पुरेसा आहे, लॉक बदलायचंच.

सागरवेळ (रत्नागिरी)

एल-एनमध्ये ८९० ओहम. म्हणजे चकती जिवंत, कॉन्टॅक्ट गेलेला. गावातल्या स्पेअरच्या दुकानात जुनं लॉक घेऊन गेले, दुकानदाराने शेजारी शेजारी ठेवून पिनांचा क्रम आणि स्क्रूची भोकं जुळवून दिली. साडेआठशे रुपये. तो म्हणाला की लॉक नुसतं दिसायला सारखं असून चालत नाही, आतली जोडणी वेगळी असली तर कार्डाला इजा होऊ शकते. म्हणून जुना तुकडा बरोबर नेलेला बरा.

कनेक्टरची पिन आम्ही कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून चकचकीत केली. ती ढिली झाली होती, पक्कडीने किंचित आवळली. पानापक्कड काका, एवढं पुरेल ना? आणि रबर परत बसवताना काही काळजी?

पानापक्कड (नाशिक)

पुरेल. पिन आवळलीत हे फार छान केलंत, ढिली पिनच तापते आणि नवीन लॉकही जाळते. पुन्हा काही महिन्यांनी तिथला रंग एकदा बघून घ्या. पिन परत काळी पडली तर तेवढी टोपी नवीन बसवून घ्यायची.

रबर बसवताना वर एक खूण असते, त्रिकोण किंवा रेघ. ती बरोबर वर मध्यावर. खाली बारीक भोकं असतात, ती खालीच आली पाहिजेत, त्यातून घडीत साठलेलं पाणी ड्रममध्ये परत जातं. काठ पत्र्यावर सगळीकडे चढलाय ना हे बोट फिरवून बघा. मग तारेचं कडं, स्प्रिंग सर्वांत शेवटी. कडं चढवताना थोडं साबणाचं पाणी लावलं तर घसरत बसतं. पहिलं धुणं कपड्यांशिवाय, छोट्या प्रोग्रॅमवर, आणि खाली जुना टॉवेल अंथरून. गळालं तर टॉवेल सांगेल.

सागरवेळ (रत्नागिरी)

चालू झालं! स्टार्ट दाबल्यावर दोन सेकंदांत टक, आणि लगेच पाणी. टॉवेल कोरडा. आत्ता सासूबाईंच्या चादरी स्पिनमध्ये आहेत. सगळे मिळून साडेआठशे रुपये आणि एक मल्टिमीटर. तुम्हा सगळ्यांचे उपकार विसरणार नाही.

सर्व्हिसवाल्यांना पुन्हा फोन करून काय निघालं ते सांगितलं, म्हणजे पुढच्या माणसाला तरी न बघता कार्ड सांगणार नाहीत. कार्डाबद्दल कुणाला अशीच घाई केली गेली तर तक्रार कुठे करतात?

घरचाहिशेब

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. शिवाय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणं येतात. सामील कंपन्यांच्या सर्व्हिसची आणि सुट्या भागांची माहिती तिथे मिळते. आणि मेकॅनिक घरी आला तर काढलेला जुना पार्ट स्वतःकडे मागून घ्या आणि बिलावर पार्टचा नंबर लिहून घ्या. कार्ड बदलायचं म्हणाला तर शांतपणे विचारा, "लॉक मीटरवर मोजलंत का?" मोजलेलं असेल तर आकडा सांगेल.

सोलापुरीचादर

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. आमचं सेमी-ऑटोमॅटिक आहे. धुण्याची बाजू ठीक, पण स्पिनचं झाकण लावूनही ड्रायर फिरत नाही. लॉक त्यातही असतं का?

पानापक्कड (नाशिक)

ताई, सेमीमध्ये लॉक नसतं, झाकणाखाली एक स्विच असतो आणि ब्रेकची तार. झाकण लावलं की झाकणाच्या मागच्या बाजूची प्लास्टिकची पट्टी तो स्विच दाबते आणि तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो. झाकण उचललं की सप्लाय तुटतो आणि ब्रेक लागून टोपली थांबते.

प्लग काढून झाकणाची ती पट्टी आधी बघा, तुटलेली किंवा झिजलेली असते. मग प्लग घालून, झाकण लावून, टायमर फिरवून कान द्या. पूर्ण शांत असेल तर पट्टी, स्विच किंवा टायमर. घूं असा आवाज येऊन टोपली जागची हलत नसेल तर ब्रेकची तार ताणली गेलीय, नाहीतर कपॅसिटर कमजोर झालाय. हाताने टोपलीला धक्का देऊन सुरू करायचा प्रयत्न करू नका. आवाज येतो की नाही आणि पट्टी कशी आहे, दोन्ही लिहा, मग पुढचं सांगतो.